छोटी शहरं जगतात कशावर? कोल्हापूरच्या आसपासच्या गावांचं अर्थकारण, सोप्या भाषेत

कोल्हापुरातनं कुठल्याही दिशेला गाडी काढा, तासाभरात एखादं छोटं शहर लागतंच. इचलकरंजी, हुपरी, कागल, जयसिंगपूर, पेठ वडगाव, मलकापूर, आणि जरा लांब गेलात तर गारगोटी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड. एसटी स्टँडवर उतरलं की सगळी सारखीच वाटतात, तोच वडापावचा गाडा, तीच मोबाईलची दुकानं, चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. पण चार दिवस राहून बघा, एक गाव दुसऱ्यासारखं अजिबात नसतं. एकाची सकाळ पहाटे पाचला डेअरीच्या दारात सुरू होते, एक गाव रात्रभर खडखडत असतं, एकाचा बाजार सिझनला ओसंडून वाहतो आणि पावसाळ्यात पार थंड पडतो, एकात संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू दिसत नाही. हे असं का, याचं उत्तर बऱ्यापैकी पैशात आहे. म्हणजे गाव श्रीमंत का गरीब यात नाही, तर बाहेरचा पैसा गावात कुठनं येतो, कधी येतो आणि परत बाहेर जायच्या आधी किती जणांच्या हातातनं फिरतो, यात आहे. हे तीन प्रश्न कळले की गावाचा स्वभाव, तिथली दुकानं, तिथली यात्रा, अगदी तिथं पोरं कुठला खेळ खेळतात हे सुद्धा हळूहळू उलगडायला लागतं.

आधी एक तांत्रिक गोष्ट उरकून घेऊ, की शहर म्हणायचं कशाला. सरकारी हिशोबात दोन प्रकार आहेत. जिथं महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत आहे ते शहर, मग लोकसंख्या किती का असेना. म्हणून पन्हाळ्याला नगरपरिषद आहे पण २०११ च्या जनगणनेत तिथं फक्त तीन हजारांच्या आसपास माणसं होती. दुसरा प्रकार जनगणनेवाल्यांचा, म्हणजे कारभार ग्रामपंचायतीचाच पण लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील तर त्याला ते शहर धरतात. यात फक्त पुरुषांचं काम मोजलंय हे लक्षात ठेवा, कारण आपल्या जिल्ह्यात रोख पैशाचं एक मोठं काम बायकांच्या हातात आहे आणि त्यावर मी खाली येणारच आहे. हुपरीचंच उदाहरण घ्या, चांदीचे दागिने देशभर जात होते तरी काही वर्षांपूर्वीपर्यंत गावाचा कारभार ग्रामपंचायतच बघत होती. त्यामुळं पाटीवर काय लिहिलंय त्यावर फार जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. गावात दोन प्रकारचे धंदे असतात. एक जे बाहेरच्या लोकांना काहीतरी विकतात आणि पैसा आत आणतात, ऊस, दूध, कापड, चांदी, काजू, देवदर्शनाला आलेला माणूस, पुण्यातनं पूर्वी मनीऑर्डर करणारा आणि आता फोनवरनं पैसे पाठवणारा मुलगा, शिक्षकाचा पगार, म्हाताऱ्या माणसाची पेन्शन. दुसरे जे आलेला पैसा गावातल्या गावात फिरवतात, किराणा, सलून, टेलर, गॅरेज, दवाखाना, चहाची टपरी. पहिला प्रकार बंद पडला की दुसरा पण थोड्या दिवसात बसतो, हे आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या बंद कारखान्याच्या गावात बघितलेलं आहे. पण उलटं पण खरं आहे, नुसता पैसा येऊन उपयोग नाही, तो टिकायला पाहिजे. पाण्याच्या हौदासारखं आहे हे, नळ कितीही मोठा सोडा, बुडाला भोक असेल तर हौद भरत नाही.

हे जरा आकड्यात बघा, सोपं आहे. समजा गावात बाहेरनं १०० रुपये आले. ज्याला मिळाले त्यानं त्यातले ६० गावातच खर्च केले, उरलेले ४० बाहेर गेले. ते ६० ज्याला मिळाले त्यानं पण त्यातले ६० टक्के म्हणजे ३६ गावात खर्च केले, पुढच्यानं २१ रुपये ६० पैसे, असं करत करत त्या १०० रुपयांवर गावात एकूण २५० रुपयांची कमाई होते. आता तेच १०० रुपये आले पण प्रत्येकानं फक्त २० टक्केच गावात खर्च केले, बाकी ऑनलाईन मागवलं, मोठ्या शहरात जाऊन खरेदी केली, तर एकूण होतात फक्त १२५. आलेला पैसा तेवढाच, गाव मात्र निम्म्यावर. म्हणून मला कुणी सांगितलं की अमुक गावात एवढ्या कोटींचा प्रकल्प येतोय, तर माझा पहिला प्रश्न असतो की त्यातला पगार कुणाला, माल कुठनं घेणार, दुरुस्ती कोण करणार. कोटींचा आकडा ऐकून खूश व्हायची घाई करू नये असं माझं अगदी प्रामाणिक मत आहे.

आता पैसा येतो कधी, हा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूर जिल्ह्यात पैशाचे तीन ताल आहेत.

पहिला दुधाचा, दर दहा दिवसांचा. गोकुळ म्हणजे कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली सुरू झाला आणि आज जिल्ह्यातल्या गावागावात दूध संस्था आहे. कुठल्याही गावात पहाटे डेअरीसमोर उभं राहून बघा. किटल्या घेऊन बायकांची रांग लागलेली, कुणी म्हशीचं, कुणी गाईचं, आतला माणूस थोडं थोडं दूध काढून मशीनला लावतो, फॅट आणि डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा बघतो, माप होतं, कार्डावर किंवा आता स्लिपवर नोंद होते, की पुढची किटली. प्रत्येकीचं लक्ष त्या फॅटच्या आकड्यावर, कारण पॉइंट एकनं जरी खाली आलं तरी दर बदलतो, आणि मग काल पेंड कमी पडली का, म्हैस आटायला आली का, यावर तिथंच चर्चा सुरू. महिन्यात तीन बिलं निघतात. त्यातनं संस्था पशुखाद्याचे पैसे कापून घेते, उरलेले बाईच्या खात्यावर किंवा हातात. आणि मग त्याच गावातल्या किराणा दुकानात जाऊन ऐका, काकी सामान पिशवीत भरत म्हणत असतात, "शेठ, लिहून ठेवा, बिल झालं की देतो की." शेठ पण बिनधास्त लिहून ठेवतो कारण त्याला बिलाची तारीख पाठ असते. म्हणजे सगळ्या गावाची उधारी दहा दिवसांच्या तालावर चाललेली असते. रक्कम लहान असते पण नेमानं येते, आणि नेमानं येणारा लहान पैसा गावातच खर्च होतो, तेल, साखर, वह्या, पोराची फी, दवाखाना. त्यासाठी कुणी कोल्हापूरला जात नाही. त्यात दिवाळीच्या तोंडावर दूध फरक मिळतो, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावरची वाढीव रक्कम, आणि तो मिळाला की कापड दुकानात पाय ठेवायला जागा नसते. जनगणनेच्या त्या व्याख्येत न दिसणारं काम ते हेच.

दुसरा ताल उसाचा, वर्षातनं एकदा. गाळप साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतं ते मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. कायद्यानं ऊस कारखान्यात गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर द्यायला लागतो. प्रत्यक्षात पैसे कधी आणि किती हप्त्यांत मिळणार यावरच सगळं आंदोलन असतं, आणि त्यासाठी दरवर्षी जयसिंगपूरला ऊस परिषद भरते. शहरातल्या माणसाला वाटतं की हा फक्त शेतकऱ्याचा प्रश्न आहे, पण नाही, एकरकमी पैसे मिळणं आणि तुकड्या-तुकड्यानं मिळणं यात अख्ख्या बाजारपेठेचा फरक पडतो. उसाचं बिल आधी सोसायटीच्या खात्याला जातं, पीक कर्ज वळतं होतं, खताच्या दुकानदाराची वर्षभराची उधारी असते ती भागते, आणि मग जे हातात राहतं त्यातनं स्लॅब पडतो, लग्न ठरतं, सोनं होतं, ट्रॅक्टर नाहीतर बुलेट येते. एकरकमी मोठा पैसा आला की माणूस मोठी खरेदी करतो आणि मोठी खरेदी बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीची असते, म्हणून उसाचा पैसा दिसायला मोठा पण गावात दुधाएवढा फिरत नाही. घर बांधलं तर मात्र गोष्ट वेगळी, गवंडी, सेंट्रिंगवाला, वाळूवाला, प्लंबर सगळे आसपासचेच, त्यामुळं ज्या वर्षी बिलं वेळेवर होतात त्या वर्षी छोट्या शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानाला विचारा काय धंदा झाला ते. सिझनमध्ये बीडकडनं तोडणीच्या टोळ्या येतात, त्यांचं पण आठवडी बाजारात चटणी-पीठ-मीठ होतं, पोरांची स्वेटरं होतात, चार महिने बाजार दीडपट वाटतो. याच उसातनं गुऱ्हाळं पण चालायची, कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गूळ तयार करणारा गुळव्या आणि चूल सांभाळणारा चुलव्या मिळेनात म्हणून बरीच गुऱ्हाळं बंद पडत चाललीत आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण गुऱ्हाळाचा पैसा अगदी शेताच्या बांधावरच दहा-बारा घरात वाटला जायचा.

तिसरा ताल इचलकरंजीचा, आठवड्याचा. तिथं मागावरच्या कामगारांचा पगार आठवड्याला होतो म्हणून तिथला बाजार पण आठवड्याला श्वास घेतो, पगार झाला की मटणाच्या दुकानापासनं मोबाईल रिचार्जपर्यंत सगळीकडं गर्दी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तिथले जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगाला पाठबळ दिलं, आणि सव्वाशे वर्षांच्या आत जहागिरीच्या गावाचं देशभर कापड पाठवणारं शहर झालं, २०११ ला पावणेतीन लाखांच्या वर लोकसंख्या, आणि २०२२ ला महापालिका झाली. पण नदीकाठच्या या गावात कापूस तर पिकत नाही, मग माग इथंच का? आणि हुपरीत चांदीची खाण नाही, मग पैंजण इथलेच का?

याचं उत्तर आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिलेलं आहे, आणि ते इचलकरंजीत पायी फिरलं तरी कळतं. एक धंदा एका जागी कसाबसा रुजला की तीन गोष्टी आपोआप जमतात. एक, ते काम येणारी माणसं तिथंच मिळायला लागतात. दोन, त्या धंद्याला लागणारे छोटे छोटे धंदे शेजारी उभे राहतात. तीन, कसब घराघरात पसरतं, पोरगं शाळेतनं येता-येता बघून शिकतं. इचलकरंजीत सूत आलं की ते सायझिंगला जातं, तिथं त्याला खळ लावून बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ भरतात, मग वहिफणीवाला एकेक धागा ओवतो, मागावर कामगार, कांडी भरणारा वेगळा, माग बिघडला तर जॉबर, कापड निघालं की घडी घालणारे वेगळे, टेम्पोवाला वेगळा. आणि यात एक खर्चीवाला म्हणून प्रकार आहे, म्हणजे ज्याच्याकडं स्वतःचे माग आहेत पण सूत घ्यायला भांडवल नाही, तो व्यापाऱ्याकडनं बीम घेतो आणि पिकावर मजुरी घेऊन कापड विणून देतो. पिक म्हणजे आडवा धागा, जेवढे पिक तेवढी मजुरी, पैशात मोजली जाणारी. या पद्धतीमुळं चार माग असलेला साधा माणूस पण मालक होऊ शकला, ही इचलकरंजीची खरी ताकद, आणि मंदी आली की पहिला तोच मरतो, ही तिची दुखरी नस. व्यापारी सूत देणं थांबवतो, याचं वीजबिल आणि बँकेचा हप्ता थांबत नाही.

हुपरीत हेच चांदीचं. एक पैंजण एका घरात पूर्ण होत नाही. कुणी चांदी आटवतो, कुणी तार ओढतो, कुणी घुंगरू करतो, कुणी जोडतो, कुणी पॉलिश करतो, आणि ही घरं फक्त हुपरीत नाहीत, रेंदाळ, पट्टणकोडोली आणि आजूबाजूच्या गावांत पण आहेत. दुपारी जेवणं उरकली की बायका उंबऱ्याच्या आत पाट मांडून बसतात आणि हात चालू होतात. वजनावर सगळं चालतं, चांदी मोजून दिली, दागिना मोजून घेतला, घट किती धरायची ते ठरलेलं, आणि हा सगळा व्यवहार ओळखीवर आणि शब्दावर उभा आहे. एवढी किमती वस्तू घराघरात फिरते त्याअर्थी गावात विश्वासाची एक व्यवस्था आहे, आणि ती व्यवस्था कुठल्या मोठ्या कंपनीला पैसे टाकून एका वर्षात उभी करता येत नाही. म्हणूनच हे धंदे सहजासहजी दुसरीकडं हलत नाहीत. मात्र चांदीचा भाव एकदम उसळला की गिऱ्हाईक थांबतं आणि या सगळ्या उंबऱ्यांवरचं काम एकाच वेळी थांबतं, हा एकाच धंद्यावर उभ्या राहिलेल्या गावाचा धोका आहेच.

आता दुसरा एक प्रश्न घेऊ. कागल आणि हातकणंगले ही तालुक्याची गावं, गडहिंग्लज पण तालुक्याचंच गाव. मग गडहिंग्लजची बाजारपेठ एवढी भरलेली का? डॉक्टर, कापड दुकानं, सराफ, कॉलेजं, गाड्यांची शोरूम, सगळं तिथं आहे. याचं कारण अंतर. १९३३ साली वॉल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन अभ्यासकानं दक्षिण जर्मनीतली गावं बघून एक साधी गोष्ट मांडली. प्रत्येक दुकानाला जगायला ठरावीक गिऱ्हाईक लागतं, आणि प्रत्येक वस्तूसाठी माणूस ठरावीक अंतरच जातो. काडेपेटीसाठी कोपऱ्यावर, चप्पल तुटली तर बाजाराच्या गावाला, लग्नाच्या बस्त्याला आणखी लांब, हार्टच्या ऑपरेशनला थेट कोल्हापूर नाहीतर बेळगाव. कागल कोल्हापूरपासनं २० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अर्धा तास. कागलच्या माणसाला चांगली साडी घ्यायची तर तो कोल्हापूरच्या महाद्वार रोडला येतो, कागलात मोठं साडीचं दुकान टिकणार कसं? हातकणंगल्याची तर दोन्हीकडनं कोंडी, एकीकडं कोल्हापूर, दुसरीकडं इचलकरंजी. गडहिंग्लज मात्र ६०-७० किलोमीटर लांब आहे, तिथनं कोल्हापूरला येऊन परत जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि मागं आजरा, चंदगड, सीमेपलीकडची कर्नाटकातली गावं, या सगळ्यांना जवळचं मोठं ठिकाण तेच. त्यामुळं तिथं गिऱ्हाईक जमतं आणि दुकान टिकतं.

जवारी संकेश्वरी मिरचीचा सौदा गडहिंग्लजच्या मार्केटला होतो, सिझनला यार्डात पाय ठेवला की ठसका लागतो, आणि कोल्हापूरच्या बायका वर्षाच्या चटणीसाठी हीच मिरची मागतात. आणि लांब असल्यामुळं अजून एक चांगली गोष्ट झाली, गावानं करमणूक पण स्वतःची उभी केली. गडहिंग्लज फुटबॉलवेडं गाव आहे, दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या मैदानावर बाहेरच्या राज्यातले संघ येऊन खेळतात आणि गाव लहान-मोठं सगळं मैदानाच्या कडेनं बसतं. मोठ्या शहराच्या सावलीतल्या गावात असं सहसा होत नाही, तिथली पोरं मॅच बघायला शहरातच जातात.

काही गावं तर ठरवून वसवलीत. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ ला कोल्हापुरात शाहूपुरी वसवली ती गुळाची पेठ म्हणून. त्याच्या चार वर्षं आधी, १८९१ ला, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली होती, म्हणजे गूळ बाहेर जायची सोय झाली आणि मागोमाग पेठ. पुढं त्याच रेल्वेमार्गावर त्यांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं, सरळ रुंद रस्ते, काटकोनातल्या गल्ल्या, शेतमालाचा बाजार. आज नकाशात बघितलं तरी हे गाव आखून बसवलंय हे कळतं. बाजारपेठ आपोआप वाढायची वाट न बघता आधी रस्ता, रेल्वे आणि मोकळी जागा द्यायची, व्यापारी मागनं येतो, ही समज सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या राजाला होती याचा मला खरंच अभिमान वाटतो. वारणानगरला तात्यासाहेब कोरेंनी हेच वेगळ्या पद्धतीनं केलं. साखर कारखाना काढून ते थांबले नाहीत, शाळा-कॉलेजं, दूध संघ, आणि वारणा बाजार नावाचं सहकारी दुकान, म्हणजे ऊस-दुधाचा आलेला पैसा खर्च करायला पण माणसाला लांब जायला नको. वरचं ते ६० आणि २० टक्क्यांचं गणित आठवा, वारणेत ते कुणीतरी हिशोबानं सोडवलं होतं. आणि पोरांचा वाद्यवृंद सुद्धा काढला, जो महाराष्ट्रभर गाजला.

मग येतं बघायला येणारं माणूस. पर्यटन म्हटलं की सगळ्यांना वाटतं पैसाच पैसा, पण इथं पण तोच नियम, माणूस किती आला यापेक्षा किती वेळ थांबला आणि कुणाचं घेतलं. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर घ्या. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं काम, ४८ खांबांचा स्वर्गमंडप, वरनं गोल उघडा, खाली उभं राहिलं की आभाळाचा तुकडा दिसतो, मी तर म्हणेन कोल्हापुरात येऊन खिद्रापूर न बघता जाणं म्हणजे अर्धं कोल्हापूर सोडून जाणं. पण येणारा माणूस तासभर फोटो काढतो, पाण्याची बाटली घेतो आणि निघतो. गावात त्याचे किती राहतात? फार थोडे. तिथनं जवळच नृसिंहवाडी, कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं ठिकाण. तिथं माणूस दर्शन घेतो, जेवतो, कुणी मुक्काम करतो, आणि जाताना बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी घेतल्याशिवाय निघत नाही. त्या बासुंदीतलं दूध आसपासच्या गोठ्यातलं, कवठं जवळपासची, आटवणारा माणूस गावातला. एका भाविकाच्या पिशवीत पाच-सहा घरांची कमाई असते. आदमापूरला बाळूमामाच्या दर्शनाला अमावस्येला गर्दी होते आणि मुधाळ तिट्ट्याला हॉटेलं भरून जातात, ते पण हेच. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं अख्खं गाव पिवळं होतं, आणि त्या दिवसांत खेळणीवाले, मेवामिठाईवाले, पाळणेवाले, घोंगडी विकणारे यांचा जो धंदा होतो त्यावर त्यांचे पुढचे काही महिने निघतात. पन्हाळ्याला झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही घेऊन बसणाऱ्या बायका आसपासच्या वाड्यांतल्या आहेत. २०२५ ला पन्हाळा इतर मराठा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला, आता गर्दी वाढणार, तेव्हा या बायकांना बसायला पक्की जागा, पाणी, स्वच्छतागृह मिळतंय का हे मला कुठल्याही मोठ्या रिसॉर्टपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. रिसॉर्टचा नफा मालक राहतो त्या शहरात जातो. भाकरीचा पैसा संध्याकाळी वाडीतल्या दुकानात जातो.

गावाचा हौद फुटतो तो दोन प्रकारानं, एकदम आणि हळूहळू. एकदम म्हणजे पूर. २००५, २०१९, २०२१, पंचगंगा-कृष्णेकाठची शिरोळ तालुक्यातली गावं, कुरुंदवाड, नृसिंहवाडी पाण्याखाली गेली. घराचं नुकसान दिसतं, पंचनामा होतो, पण दुकानातला माल भिजला की मागची उधारी पण बुडते, कारण ज्यांच्याकडं येणं आहे त्यांचाही गोठा वाहून गेलेला असतो. दहा दिवसांचा दुधाचा ताल तुटला की सगळी साखळी तुटते, आणि परत म्हैस घेऊन, ती व्यायला येऊन, दूध डेअरीला घालून बिल निघेपर्यंत कित्येक महिने जातात.

हळूहळू गळती दिसत नाही. मोबाईलवरनं मागवलेल्या कपड्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही, स्वस्त मिळतं म्हणून माणूस घेतो, पण त्या पैशाचा पुढचा हात गावातला नसतो. शिकलेली पोरं पुण्याला जातात, पैसे पाठवतात, मग पाच-सहा वर्षांनी तिकडं फ्लॅट घेतात आणि पैशाचा प्रवाह उलटा होतो, गावचं शेत विकून तिकडचा हप्ता. इचलकरंजीत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातनं आलेले कामगार पगारातला काही भाग घरी पाठवतात. त्यावर काही लोक नाराज असतात, मला ते पटत नाही. ते खोलीचं भाडं इथं देतात, खानावळीत जेवतात, आणि ते नसते तर निम्मे माग बंद असते. आपल्या गावची पोरं पुण्यात राहून हेच करतात.

मागाच्या बाबतीत सध्या जे चाललंय ते मात्र नीट बघायला पाहिजे. साधे माग भंगारात निघतायत आणि एअरजेट, रेपियर अशा नव्या मशीन येतायत. नव्या मशीनवर कापड चांगलं निघतं, बाजारात टिकायचं तर त्या लागणारच, त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण साधा माग बिघडला तर त्याचा पार्ट गावातल्याच वर्कशॉपमध्ये नाहीतर कोल्हापूरच्या फौंड्रीत ओतून मिळायचा, जॉबर गल्लीतलाच, दुपारपर्यंत माग चालू. एअरजेटचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर ते परदेशातनं किंवा मोठ्या शहरातल्या एजंटकडनं येतं, दुरुस्तीला इंजिनिअर बाहेरनं येतो, त्याचं बिल बाहेर जातं. माणसं पण कमी लागतात, म्हणजे आठवड्याचा पगार कमी जणांच्या हातात. कापडाचे मीटर वाढतील, आणि तरीही पगाराच्या दिवशी बाजारात गर्दी कमी दिसेल, असं होऊ शकतं. कोल्हापूरच्या ज्या उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फौंड्रीत आज वाहनांचे अवघड पार्ट ओतले जातात, तिथं या मशीनचे पार्ट आणि कार्डांची दुरुस्ती का होऊ नये, इचलकरंजीच्या आयटीआयमधल्या पोरांना हेच शिकवायला काय हरकत आहे, आणि जुन्या जॉबरला नवीन मशीनचं ट्रेनिंग कोण देणार, हे प्रश्न मी ओळखीच्या मागवाल्यांना विचारत असतो. त्यातले दोघे-तिघे आता एकत्र येऊन एक इलेक्ट्रॉनिक्सवाला पोरगा पगारावर ठेवायचं बघतायत.